स्ल्युद्यांकाला उतरा: बैकलकाठच्या एका शांत गावाबद्दल

ज्यांनी हा भाग लोकलच्या गर्दीत अर्धवट ऐकला, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी ही लिखित आवृत्ती. बोलताना राहून गेलेल्या दोन-चार गोष्टीही इथे घातल्यात.

तर, ट्रान्स-सायबेरियन रेल्वे. मॉस्को ते व्लादिवोस्तोक, 9,288 किलोमीटर. मॉस्कोहून निघालेली गाडी चौथ्या दिवशी इर्कुत्स्क सोडते, डोंगर चढते आणि मग मोठी मोठी वळणं घेत खाली उतरायला लागते. झाडांच्या फटीतून खाली काहीतरी चमकतं. उन्हाळ्यात निळं, हिवाळ्यात पांढरं. झोपलेले लोकसुद्धा उठून खिडकीशी येतात. हेच ते बैकल सरोवर. उतार संपला की पहिलं मोठं स्टेशन लागतं, त्याचं नाव स्ल्युद्यांका.

गाडी इथे जेमतेम काही मिनिटं थांबते. पाणी स्टेशनपासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर. त्यामुळे कुणाला तरी हमखास वाटतं, की पळत जाऊ, पाण्यात हात बुडवू, फोटो काढू आणि परत येऊ. कृपया असं करू नका. गाडी जाते, बॅग गाडीतच जाते, आणि बाहेर तापमान उणे वीस असतं. माझं म्हणणं साधं आहे. पळू नका, सामान घेऊन उतरा आणि दोन रात्री राहा.

बरेच प्रवासी इथे उतरत नाहीत. ते इर्कुत्स्कहून लिस्त्व्यांकाला जातात, कारण ते जवळ आहे आणि तिथे हॉटेलं, बाजार, बोटी सगळं आहे. ज्यांच्याकडे जास्त दिवस असतात ते ओल्खोन बेटावर जातात. स्ल्युद्यांका राहतं मधल्यामधे. अठराएक हजार वस्तीचं गाव. लाकडी घरं, खिडक्यांना नक्षीदार चौकटी, धुरांड्यांतून सरळ वर जाणारा धूर, मागे खामार-दाबानचे डोंगर आणि पुढे सरोवर. दुपारी रस्त्यावर माणसांपेक्षा कुत्री जास्त.

पण ‘शांत’ हा शब्द जरा जपून वापरायला हवा. मी पहिल्या रात्री झोपलो तेव्हा दर थोड्या वेळानं मालगाडी जात होती. लांबच लांब, संपेचना. मधेच यार्डातल्या भोंग्यावरून कुणीतरी रशियनमध्ये सूचना देत होतं आणि तो आवाज डोंगरावर आपटून परत येत होता. म्हणजे गाव झोपलेलं, आणि त्याच्या मधोमध रशियाचा सगळ्यात महत्त्वाचा लोहमार्ग जागा. ही शांतता आली कुठून, हे समजून घेतलं तर हे गाव नीट दिसतं.

सुरुवात नावापासून. रशियनमध्ये ‘स्ल्युदा’ म्हणजे अभ्रक. जुन्या काळी काच महाग होती तेव्हा रशियात खिडक्यांना अभ्रकाचे पातळ पत्रे लावत. इथल्या डोंगरात मिळतं ते तपकिरी, मधाच्या रंगाचं अभ्रक. ते उष्णता सहन करतं आणि वीज आरपार जाऊ देत नाही. विसाव्या शतकात सोव्हिएत संघात कारखाने आणि वीज वाढली, तशी त्याची मागणीही वाढली आणि इथे खाणी जोरात चालल्या. मी ज्यांच्याकडे राहिलो त्या आजींनी खिडकीत ठेवलेला एक तुकडा माझ्या हातात दिला. नखानं सोलून बघ, असं खुणेनं सांगितलं. खारी बिस्किटाचा पापुद्रा निघावा तसा पातळ पापुद्रा निघाला. दिव्यासमोर धरला तर चहासारखा रंग.

1970 च्या दशकात या अभ्रकाच्या खाणी बंद झाल्या. ज्या वस्तूनं गावाला नाव दिलं, तीच गावाच्या रोजगारातून गेली. संगमरवर आणि चुनखडीचं काम चालू राहिलं, रेल्वे राहिली. इथला संगमरवर मॉस्को मेट्रोच्या काही स्थानकांतही बसवलाय. आणि खनिजांच्या अभ्यासकांना हे गाव आजही पाठ असतं, कारण काही खनिजं जगात पहिल्यांदा याच परिसरात सापडली. गावात खनिजांचं एक खासगी संग्रहालय आहे, ते चुकवू नका. दगडांत अजिबात रस नसलेला माणूसही तिथे तासभर सहज रमतो.

आता स्टेशन. इमारत विसाव्या शतकाच्या सुरुवातीची, पूर्ण स्थानिक संगमरवराची. पण तुमच्या डोळ्यांसमोर ताजमहाल येत असेल तर थांबा. हा दगड पॉलिश न केलेला, खडबडीत, करड्या-पांढऱ्या रंगाचा. लांबून साधी दगडी इमारत वाटते, जवळ जाऊन हात लावला की कळतं. एवढ्या लहान गावाला एवढं भारी स्टेशन का? कारण रेल्वेचा सगळ्यात अवघड टप्पा इथे पूर्ण झाला होता.

हा भाग मला स्वतःला फार आवडतो, म्हणून जरा थांबून सांगतो. रेल्वे दोन्ही बाजूंनी बैकलपर्यंत आली, पण मधे सरोवर आणि त्याच्या काठाला सरळ पाण्यात उतरणारे कडे. सुरुवातीला उपाय काय केला, तर इंग्लंडमधून ‘बैकल’ नावाची बर्फ फोडणारी बोट सुट्या भागांत आणली, इथे जोडली, आणि आख्खे रेल्वेचे डबे बोटीत चढवून पलीकडे न्यायला सुरुवात केली. 1904 च्या हिवाळ्यात रशिया-जपान युद्ध पेटलं. सैन्य पूर्वेला पाठवायचं होतं आणि सरोवर गोठलेलं. मग चक्क बर्फावर रूळ टाकले आणि डबे घोड्यांनी ओढून नेले! दुसरीकडे काठाचे कडे फोडून मार्ग काढणं घाईनं चालूच होतं. जवळपास चाळीस बोगदे, शिवाय पूल आणि दगडी संरक्षक भिंती. त्यातली एक आजही ‘इटालियन भिंत’ म्हणून ओळखली जाते, कारण ते काम इटालियन गवंड्यांनी केलं. 1905 पासून या मार्गावर नियमित गाड्या धावू लागल्या. हीच सर्कम-बैकल रेल्वे.

आणि मग पन्नास वर्षांत तिचं महत्त्व संपलं. इर्कुत्स्कजवळ अंगारा नदीवर धरण बांधलं गेलं. बैकलला तीनशेहून जास्त नद्या येऊन मिळतात, पण बाहेर पडते ती एकटी अंगारा. तिच्याच काठानं जाणारा इर्कुत्स्क ते पोर्ट बैकल हा लोहमार्ग 1950 च्या दशकात धरणाच्या पाण्याखाली गेला. त्याआधीच डोंगरावरून इर्कुत्स्क ते स्ल्युद्यांका असा नवा मार्ग तयार ठेवला होता. आपण ज्या वळणांवरून खाली उतरलो तोच हा. जुन्या मार्गाचं एक टोकच कापलं गेल्यामुळे स्ल्युद्यांका ते पोर्ट बैकल हा तुकडा पुढे कुठेच जात नाही.

आज या तुकड्यावर पर्यटकांची खास गाडी धावते आणि आठवड्यातून काही दिवस एक साधी, संथ पॅसेंजरही. स्थानिक लोक तिला प्रेमानं ‘मातान्या’ म्हणतात. दुसरा रस्ता नसलेल्या वस्त्यांतले लोक पिशव्या, पीठ, कुत्रं घेऊन तिच्यातून जातात. पर्यटक गाडी फोटोसाठी थांबते, हिच्यात ते लाड नाहीत. तरी निवड करायची झाली तर मी मातान्याच निवडेन. फक्त वेळापत्रक आदल्या दिवशी स्टेशनवर जाऊन विचारा, आणि पोर्ट बैकलला रात्री पोचल्यावर राहायचं कुठे हे आधी ठरवा.

आता सरोवर. आकडे थोडक्यात: खोली 1,642 मीटर, लांबी सुमारे 636 किलोमीटर, वय अंदाजे अडीच कोटी वर्षं. पृथ्वीच्या पृष्ठभागावरच्या न गोठलेल्या गोड्या पाण्यापैकी साधारण पाचवा हिस्सा एकट्या बैकलमध्ये आहे. इथे जमीन दुभंगतेय. दोन्ही बाजू दरवर्षी काही मिलिमीटरनं एकमेकींपासून दूर सरकतात. म्हणूनच इथे भूकंप होतात. 27 ऑगस्ट 2008 चा मोठा धक्का शेजारच्या कुलतुक गावाजवळचाच.

दक्षिण बैकल जानेवारीत गोठतं आणि एप्रिलच्या शेवटाकडे, मेच्या सुरुवातीला मोकळं होतं. इन्स्टाग्रामवर जो काचेसारखा बर्फ बघता तो फेब्रुवारी-मार्चमधला. पाणी स्वच्छ आणि वारा वरचा भुसभुशीत बर्फ उडवून नेतो, म्हणून तो पारदर्शक दिसतो. पहिल्यांदा त्यावर पाय ठेवला तेव्हा खाली काळोख दिसला आणि माझे गुडघे अक्षरशः वाकेनात. तेवढ्यात लांबून ‘ढम्म’ असा आवाज आला. मी पळायच्या तयारीत. बाजूला भोक पाडून गळ टाकून बसलेल्या काकांनी मान वर करूनही बघितलं नाही.

तो आवाज बर्फ ताणला गेल्याचा. दिवसरात्रीच्या तापमानातल्या फरकानं बर्फ प्रसरण-आकुंचन पावतो आणि त्याला लांबच लांब भेगा पडतात. आवाज आला म्हणजे बर्फ फुटून आपण खाली गेलो, असं नसतं. पण आवाज नाही म्हणजे धोका नाही, असंही नसतं, आणि हे मी ठासून सांगतोय. नद्यांच्या मुखाशी बर्फ पातळ असतो. रुंद भेगांच्या कडेला पातळ असतो. तळातून वायू किंवा उबदार पाणी वर येतं अशा ठिकाणी आजूबाजूला जाड बर्फ असतानाही मधेच कच्चा पट्टा असतो, आणि वर हिम साचलं की तो दिसतही नाही. अंगारा सरोवरातून बाहेर पडते तिथलं पाणी तर गोठतच नाही. त्यामुळे एकट्यानं आत जायचं नाही, स्थानिक माणसं ज्या वाटेनं चालतात तीच वाट धरायची, बुटांना खिळ्यांचे पट्टे लावायचे. मार्चच्या शेवटी ऊन वाढलं की काठावरून बघा, पुरे. तातडीचा नंबर 112. आणि वारा सुटला की परत फिरा. नैर्ऋत्येकडून येणाऱ्या इथल्या वाऱ्याचं नावच ‘कुलतुक’ आहे. ज्या वाऱ्याला लोकांनी नाव ठेवलंय, त्याला हलक्यात घेऊ नये.

उन्हाळ्यात येणार असाल तर डोंगर. गावातून स्ल्युद्यांका नदीच्या कडेनं चेर्स्की शिखराकडे वाट जाते. उंची 2,090 मीटर. हे नाव यान चेर्स्की या पोलिश माणसाचं. 1863 च्या उठावानंतर त्याला सायबेरियात पाठवलं गेलं, आणि शिक्षा म्हणून आलेल्या या माणसानं पुढे बैकलच्या भूगर्भाचा अभ्यास केला. एका दिवसात घाईनं उरकण्यापेक्षा वर एक मुक्काम धरून जा.

ऑडिओ भागानंतर सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न: ‘खायचं काय?’ मांसाहारी असाल तर ‘पोझी’ खा. हा बुर्यात लोकांचा पदार्थ, कणकेच्या पारीत खिमा भरून वाफवलेला. वरून चुण्या घालून बंद करतात, मधे छोटं भोक. ताट समोर आलं की पहिला शब्द ‘मोदक’ हाच सुटतो. आत गरम रस्सा असतो, म्हणून एकदम चावू नका. आधी छोटा तुकडा तोडून रस्सा प्या. शाकाहारींनी बटाटा, बकव्हीट, कोबी, ब्रेड, लोणी, चीज आणि पाइनच्या बिया यांवर दिवस काढायची तयारी ठेवा. मेतकूट नेलंत तर स्वतःलाच धन्यवाद द्याल.

माशाबद्दल मात्र एक गोष्ट. धुरी दिलेला ओमुल ही या स्टेशनाची जुनी ओळख. ओमुल बैकलचाच मासा. पण तो इतका कमी झाला, की ऑक्टोबर 2017 पासून त्याच्या व्यावसायिक मासेमारीवर बंदी आली. त्यामुळे कुणी पिशवीतून हळूच ओमुल काढून दाखवला, तर तो आला कुठून हा प्रश्न मनात येऊ द्या. त्या बाईचं घर कदाचित त्यावरच चालत असेल, हेही खरंच. मी घेतला नाही, आणि तेव्हा मला फार बरंही वाटलं नाही.

शेवटी कामाच्या गोष्टी, भराभर. भारतीयांना ऑगस्ट 2023 पासून रशियाचा ई-व्हिसा मिळतो. किती दिवसांचा आणि कुठल्या विमानतळांवर चालतो हे नियम बदलतात, म्हणून अधिकृत साइटच बघा, आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचनाही. युक्रेन युद्धानंतर, मार्च 2022 पासून, रशियाबाहेर काढलेली व्हिसा आणि मास्टरकार्डची कार्डं तिथे चालत नाहीत. डॉलर किंवा युरो रोख न्या आणि मोठ्या शहरात रूबल करून घ्या. परदेशी माणसाला स्थानिक सिम मिळवणं आता कटकटीचं आहे, तेव्हा नकाशा आणि भाषांतराची रशियन फाइल फोनमध्ये आधीच उतरवून ठेवा.

फोनवरून आठवलं. उणे वीसमध्ये चाळीस टक्के बॅटरी असलेला फोन दोन फोटो काढून बंद पडतो. तो आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवा. खोलीत आल्यावर लगेच बाहेर काढू नका, काचेवर आतून दव धरतं.

इर्कुत्स्कहून स्ल्युद्यांकाला लोकल गाडीनं अडीच-तीन तास लागतात. तिला ‘एलेक्त्रिच्का’ म्हणतात. घड्याळाची गंमत म्हणजे मॉस्को आपल्यापेक्षा अडीच तास मागे आणि इर्कुत्स्क अडीच तास पुढे. पूर्वी अख्ख्या रशियात रेल्वेची वेळ मॉस्कोचीच छापायचे, 2018 पासून स्थानिक वेळ देतात. जुना ब्लॉग वाचून गाडी पकडायला जाल तर पाच तासांनी चुकाल.

परतीच्या सकाळी आजींनी तो अभ्रकाचा पापुद्रा वहीच्या पानात घालून दिला. तो नेमका कसा दिसतो असं काहींनी विचारलं होतं, म्हणून फोटो काढून बघितला. फोटोत नुसता पिवळा डाग येतो.