रिकाम्या बराकीत काय दिसतं?

मंडळी, आज आपला विषय ‘अभाव’. शब्द जड वाटतो, म्हणून आपण तो घेऊन एका जागी जाऊ. यावलहून फैजपूर, सावदा, रावेर करत बऱ्हाणपूर गाठलं आणि खांडव्याच्या रस्त्याला लागलं, की असीरगड येतो. जुन्या खानदेशाचा हा उत्तरेचा दरवाजा. फारुकींचा हा गड 1601 मध्ये अकबराने घेतला, 1819 मध्ये इंग्रजांनी. त्यानंतर वर इंग्रजी शिबंदी राहिली. तिच्या बराकी आज ओस पडल्या आहेत, जवळच इंग्रजांच्या कबरी आहेत.

बराकीत शिरल्यावर आपण सहज म्हणतो, ‘इथे कोणी नाही.’ आता प्रश्न असा, की हे ‘नाही’ आपल्याला दिसलं कसं? डोळ्यांना तर भिंतीच दिसल्या!

आपल्या दर्शनांनी यावर कसून वाद घातला आहे. नैयायिक म्हणतात, जमीन जशी दिसते तसा तिच्यावरचा घटाचा अभावही इंद्रियांनीच कळतो. कुमारिल भट्टांचे अनुयायी म्हणतात, छे, त्यासाठी वेगळं प्रमाण लागतं, अनुपलब्धी. पण न दिसणं म्हणजे लगेच नसणं नव्हे, हे दोघांनाही मान्य आहे. काळोखात घट दिसला नाही, म्हणून तो नाही असं ठरत नाही. वस्तू असती तर दिसलीच असती, अशी स्थिती हवी. या अटीला योग्यता म्हणतात. ओसाड बराकीत भूत आहे असं कोणी सांगितलं, तर ‘आम्हाला दिसलं नाही’ हे उत्तर पुरत नाही. भूत मुळात दिसण्याजोगं मानलेलंच नसतं. शास्त्रकारांनी पिशाचाचं उदाहरण दिलं ते यासाठीच.

अभावाचे प्रकारही असतात. कोसळलेलं छप्पर हा प्रध्वंसाभाव. होतं, नष्ट झालं. शिपाई मात्र तेव्हा नष्ट झाला नव्हता, तो दुसरीकडे गेला. अशा नसण्याला काही आचार्य सामयिक अभाव म्हणतात.

आता महत्त्वाचं. ज्याचा अभाव, तो त्या अभावाचा प्रतियोगी. न्यायाचा नियम आहे, की प्रतियोगी माहीत असल्याशिवाय अभाव कळत नाही. ज्याला घट म्हणजे काय हेच ठाऊक नाही, त्याला ‘घट नाही’ हे कसं कळणार?

हा नियम घेऊन आपल्या जिल्ह्यात, धरणगावला येऊ. 1818 मध्ये खानदेश कंपनीकडे गेला आणि डोंगरातले भिल्ल तिला जुमानेनात. तेव्हा 1825 मध्ये जेम्स औट्रम या तरुण अधिकाऱ्याने भिल्लांचीच पलटण उभारली, खानदेश भिल्ल कोअर. तिचं ठाणं धरणगाव. पुढे औट्रम मोठा सेनापती झाला, त्याचे पुतळे लंडनला आणि कोलकात्याला उभे राहिले. त्याच्या पलटणीतल्या पाच भिल्ल शिपायांची नावं या सभागृहात कोणी सांगेल का? नाही ना! आपण धरणगावच्या बाजारात जातो, येतो. तिथे काही कमी आहे असं आपल्याला वाटत नाही. प्रतियोगीच ठाऊक नाही, मग अभाव कसा जाणवेल?

खाज्या नाईकाचं नाव आपल्याला ठाऊक आहे. तो आधी कंपनीच्या चाकरीत सेंधव्याचा घाट राखत होता आणि 1857 च्या उठावात तिच्याविरुद्ध उभा राहिला. म्हणून सेंधव्याच्या घाटातून जाताना त्याची उणीव भासते. पलटणीत शिरलेला साधा शिपाई पोटासाठी शिरला, भीतीने की मानासाठी, याची आपण विचारपूसही करत नाही.

म्हणजे विस्मरणाचं नुकसान दुहेरी आहे. माणूस जातो, ते एक. मग तो गेला आहे ही जाणीवही जाते, आणि जागा रिकामीसुद्धा दिसत नाही, नुसती जागा दिसते. म्हणून अशा ठिकाणी जाताना आधी थोडं वाचा, गावातल्या जुन्या माणसांना, पाड्यावरच्या आजीला विचारा. मग भिंतींपाशी उभं राहून एकच प्रश्न करा : इथे कोण कोण नाही? उत्तरात एक जरी नाव आलं, तरी ती जागा आपल्याला दिसली असं म्हणता येईल.