हिमयुगातील महापूर आणि आपल्या नद्या

हिमयुगात बर्फ साचले, पुढे ते वितळले आणि नद्यांना महापूर आले, अशी सर्वसाधारण समजूत असते. उत्तरेकडील हिमाच्छादित मुलखापुरती ती बऱ्याच अंशी खरी आहे. आपल्या मुलखाची हकीकत मात्र निराळी आहे, आणि ती नदीकाठी राहणाऱ्याने जाणून घेण्याजोगी आहे.

प्रथम अमेरिकेकडे पाहू. सुमारे १८,००० ते १५,००० वर्षांपूर्वी तेथे हिमनदीने एक खोरे अडविले व मिसूला नावाचे प्रचंड सरोवर साचले. पाणी चढले की बर्फाचा बांध फुटे आणि सरोवर काही दिवसांत रिते होई. पुन्हा बांध पडे, पुन्हा फुटे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटून पुण्यात जे घडले, त्याच्या कितीतरी पटींनी मोठा हा प्रकार होता. जे. हार्लन ब्रेट्झ या भूशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये असा महापूर येऊन गेल्याचे सांगितले, तेव्हा विद्वानांनी ते उडवून लावले. १९७९ मध्ये त्यालाच पेनरोज पदक देण्यात आले.

दख्खनवर हिमनद्या नव्हत्या. येथील पूर पावसाचे. सुमारे २०,००० वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना जमीन थंड पडली व मोसमी वारे दुबळे झाले. नद्यांच्या अंगी गाळ वाहून नेण्याचे बळ उरले नाही आणि त्यांची पात्रे भरत गेली. सुमारे १०,००० वर्षांपूर्वी पावसाने जोर धरला, तेव्हा त्याच नद्यांनी तो गाळ चिरून पात्रे खोल केली. हा क्रम विश्वास काळे व शरद राजगुरू यांनी १९८७ मध्ये मांडला. प्रवरेच्या काठच्या उंच दरडी त्या गाळाच्याच आहेत. सारांश, आपल्याकडे थंडीत नदी क्षीण झाली आणि हवा उबदार होताच बळावली.

जुन्या पुराची वेळ कशी कळते? खडकाळ घळीत पूर चढला की आडोशाच्या कोपऱ्यात पाणी संथ होते व बारीक रेती बसते. पुरागणिक एक थर. थराच्या उंचीवरून पाणी निदान कोठवर चढले ते समजते. त्यातील कोळशावरून काळ ठरतो. नर्मदेवर पुनासाजवळ अशा थरांतून सुमारे १,७०० वर्षांच्या पुरांचा इतिहास मिळाला आहे.

आता आपल्या दाराशी येऊ. हातखंब्यावरून जाणाऱ्या महामार्गावरच चिपळूण आहे. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीने ते बुडविले. सरकारी पूररेषांपैकी निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. परंतु हे हिशेब बहुधा काही दशकांच्या मोजमापांवर केलेले असतात; नदीचे दफ्तर हजारो वर्षांचे आहे. शिवाय हवा पुन्हा तापत आहे.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. नदीकाठची स्वस्त जागा कोणाच्या वाट्याला येते, हे आम्ही रोज पाहतो. म्हणून आमचे मागणे असे की, पूररेषा आखताना गाळाच्या थरांचीही साक्ष काढावी, ती रेषा गावच्या चावडीवर लावावी, आणि तिच्या आत राहणाऱ्यांना उठविण्यापूर्वी वरच्या अंगाला पक्की जागा द्यावी.