प्लॅन वाढवण्याआधी राउटर तपासा

सातारा-सांगलीच्या अनेक गावांत आता घरात फायबर आलंय. पण १०० एमबीपीएसचा प्लॅन असूनही मोबाईलवर ३०-४० च मिळतंय? लगेच मोठा प्लॅन घेऊ नका. आधी लॅपटॉप केबलने राउटरला जोडून स्पीड तपासा. तिथं पूर्ण मिळाला, तर लाईन ठीक आहे, अडचण वाय-फायची.

अनेक जुने राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. ड्युअल बँड राउटरमध्ये ५ गिगाहर्ट्झही असतं. त्याचा वेग जास्त, पण जाड दगडी भिंतीपलीकडे ते फारसं पोचत नाही. म्हणून राउटर घराच्या मध्यभागी, उंचावर ठेवा.

२०० चा प्लॅन घ्यायचाच असेल, तर राउटरला गिगाबिट पोर्ट हवा. साध्या पोर्टमधून १०० च्या वर जात नाही.

फायबरच्या डब्यावर ‘लॉस’चा लाल दिवा लागला, तर मात्र लाईनच बंद आहे. तेव्हा नवा राउटर आणू नका, लाईनमनला बोलवा.