बीडमधील बंदूक, घर आणि पोलीस ठाणे

बीड जिल्ह्यात २०२४ च्या अखेरीस बाराशेहून अधिक शस्त्रपरवाने अस्तित्वात होते, आणि सामाजिक कार्यकर्त्या अंजली दमानिया यांनी त्या वेळी मांडलेल्या आकडेवारीनुसार शेजारच्या परभणी जिल्ह्यात त्यांची संख्या अवघी ३२ होती. दोन्ही जिल्हे मराठवाड्यातले, गोदाकाठचे आणि शेतीवर जगणारे असल्यामुळे एवढी तफावत केवळ चोऱ्या-दरोड्यांच्या भीतीने समजावून सांगता येत नाही. बीडमध्ये परवाना हे संरक्षणाच्या साधनाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वजन दाखवण्याचे साधन झाले होते, हे मान्य केल्याशिवाय या आकड्याचा अर्थ लागत नाही.

शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार भारतात परवान्याविना बंदूक बाळगता येत नाही. ग्रामीण जिल्ह्यांत तो परवाना जिल्हादंडाधिकारी, म्हणजेच जिल्हाधिकारी देतात, आणि तो देण्यापूर्वी अर्जदाराच्या हद्दीतील पोलीस ठाण्याचा अहवाल मागवला जातो. आत्मसंरक्षण व पीकसंरक्षण ही कायद्याला मान्य असलेली कारणे आहेत. रानडुकरांना हुसकावण्यासाठी शेतकऱ्याने घेतलेली ठासणीची बंदूक दुसऱ्या कारणात मोडते, तर पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर मागणाऱ्याला आपल्या जिवाला असलेला धोका दाखवावा लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील अग्निशस्त्रांची कमाल मर्यादा तीनवरून दोनवर आणली, परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली आणि लग्न-मिरवणुकीत हौसेखातर केलेल्या गोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठरवली. असे असतानाही परळी परिसरात हवेत गोळ्या झाडल्याची चित्रफीत २०२४ च्या डिसेंबरात सर्वत्र पसरली, आणि जिवाला धोका आहे म्हणून दिलेले शस्त्र कशासाठी वापरले जाते, हे लोकांनी प्रत्यक्ष पाहिले.

परवाना आणि स्वसंरक्षण या दोन गोष्टी मात्र एक नव्हेत. स्वतःच्या व दुसऱ्याच्या शरीराचे आणि मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क, ज्याला कायद्याच्या भाषेत खासगी संरक्षणाचा हक्क म्हणतात, तो प्रत्येकाला आहे. पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम ९६ ते १०६ मध्ये असलेल्या या तरतुदी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आल्या आहेत. प्राणघातक हल्ला, अपहरणाच्या हेतूने केलेला हल्ला, जबरी चोरी किंवा सूर्यास्तानंतरची घरफोडी अशा प्रसंगी हल्लेखोराचा मृत्यू घडवून आणण्यापर्यंत हा हक्क जाऊ शकतो. परंतु सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्याइतका अवधी असेल तर हा हक्क मिळत नाही आणि आवश्यकतेहून अधिक इजा करता येत नाही. कायद्याची ही रचना पोलीस वेळेवर येतील आणि तक्रार ऐकून घेतील या गृहीतकावर उभी आहे, आणि बीडमध्ये नेमके हेच गृहीतक कोसळले.

केज तालुक्यातील मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचे ९ डिसेंबर २०२४ रोजी भरदिवसा, डोणगाव टोलनाक्याजवळून अपहरण झाले आणि त्याच दिवशी त्यांची हत्या झाली. तीन दिवसांपूर्वी, ६ डिसेंबरला, गावाजवळच्या पवनऊर्जा प्रकल्पावर सुरक्षारक्षकाला मारहाण झाली असता सरपंच मध्ये पडले होते. प्रकल्पाकडे मागितलेल्या दोन कोटींच्या खंडणीशी या हत्येचा संबंध असल्याचे तपास यंत्रणेचे म्हणणे आहे, आणि खटल्याचा निकाल न्यायालयाने द्यायचा आहे. बंदुकांसाठी गाजलेल्या या जिल्ह्यातली ही हत्या बंदुकीने झाली नाही, तर आरोपपत्रानुसार पाइप आणि काठ्यांसारख्या साधनांनी केलेल्या अमानुष मारहाणीने झाली, ही बाब विसरता कामा नये. संकटाची चाहूल लागल्यापासून ते अपहरणापर्यंत तीन दिवस हाताशी होते, म्हणजे कायद्याला अपेक्षित असलेला अवधी होता. तो अवधी ठाण्याच्या उंबरठ्यावर वाया गेला, हे गावकऱ्यांचे गाऱ्हाणे रास्त मानावे लागते. स्थानिक अधिकाऱ्यांपैकी एकाचे निलंबन झाले, एकाला सक्तीच्या रजेवर पाठवले गेले आणि जिल्हा पोलीस अधीक्षकांच्या बदलीची घोषणा मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत केली, यातून सरकारनेही ती उणीव मान्य केली.

संरक्षण असलेल्या घरांचीही अशा वेळी खात्री नसते. मराठा आरक्षणाच्या आंदोलनादरम्यान ३० ऑक्टोबर २०२३ रोजी माजलगावात आमदार प्रकाश सोळंके घरात असतानाच त्यांच्या निवासस्थानावर दगडफेक होऊन जाळपोळ झाली, आणि त्याच दिवशी बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचे घर पेटवण्यात आले. आमदाराचे घर भरदिवसा वाचवता आले नाही, तेथे जमावापुढे एखाद्या पिस्तुलाने काय साधले असते, असा विचार केला तर एवढेच दिसते की चार गोळ्यांनी प्रेते पडली असती आणि जमाव अधिकच खवळला असता. जमाव जमण्याआधीच त्याची खबर ठाण्याला लागणे, हाच अशा प्रसंगातला खरा बचाव असतो.

अमेरिकेतील विचार याहून निराळ्या दिशेने गेला. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कॅसल रॉक खटल्यात, न्यायालयाचा संरक्षण आदेश हाती असूनही पोलिसांकडून त्याची अंमलबजावणी मिळवण्याचा घटनात्मक हक्क व्यक्तीला नाही, असे म्हटले आणि २००८ मध्ये हेलर खटल्यात घरात आत्मसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगणे हा व्यक्तीचा हक्क ठरवला. भारतात बंदूक ही परवानगीची बाब राहिली, याचे दुसरे टोक असे की तक्रार नोंदवून घेणे ही पोलिसांची मेहेरबानी राहू शकत नाही; दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे ज्यात पोलीस न्यायालयाच्या आदेशाविना तपास सुरू करू शकतात अशा गुन्ह्याची, प्रथम खबर नोंदवणे बंधनकारक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात दिला आहे.

बीडमध्ये नवे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत आल्यानंतर शेकडो परवाने रद्द करण्याचे प्रस्ताव जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले आणि शंभराहून अधिक परवाने रद्दही झाले. पोलिसांच्या छातीवरील नामपट्टीवर आडनाव न लिहिता केवळ नाव लिहिण्याचा निर्णयही याच काळातला. आडनावावरून जात ताडून मग तक्रार सांगायची की नाही हे ठरवणाऱ्या गावात या छोट्या पट्टीचे मोल परवाना रद्द करण्याच्या आदेशापेक्षा कमी नाही.

दिवाळीच्या सुमारास याच जिल्ह्यातील लाखो ऊसतोड कामगार मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकातील कारखान्यांच्या वाटेला लागतात, आणि धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर कुलूपबंद घरे आणि राखणीला म्हातारी माणसे उरतात. घराच्या संरक्षणाची सर्वाधिक गरज या माणसांना आहे, आणि शस्त्रपरवान्याच्या अर्जदारांत ती जवळजवळ कधीच नसतात. त्यांच्यासाठी कायद्याने केलेली जवळची सोय म्हणजे महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ खाली नेमलेला गावचा पोलीस पाटील, आणि त्याच्या खबरीवर रात्रीच वस्तीपर्यंत येणारी ठाण्याची गाडी.