गुरुवारी अकादमी जेवायला येते

स्टॉकहोम : साहित्याचं नोबेल ठरवणारी स्वीडिश अकादमी म्हणजे झुंबरांच्या दालनात बसणारी, कुणाच्या अध्यातमध्यात नसलेली मंडळी, असं आपल्याकडे बहुतेकांना वाटतं. पण ही अकादमी एका जुन्या मद्यगृहाची घरमालक आहे!

गामला स्तान या जुन्या शहरातल्या अरुंद गल्लीत 'डेन युल्देने फ्रेदेन' १७२२ पासून चालू आहे. रशियाशी १७२१ साली तह झाला, त्या शांततेवरून हे नाव पडलं. १९१९ साली चित्रकार अँडर्स झोर्न यांनी ही वास्तू विकत घेतली आणि अकादमीला दिली. आजही गुरुवारची बैठक आटोपली की सभासद इथेच जेवतात.

तळघरातल्या विटांच्या कमानीखाली माझ्यापुढे हेरिंग आलं, पण मन पुण्याच्या नारायण पेठेतल्या आजोळच्या वाड्यात होतं. १९४७ च्या कायद्याने भाडी गोठली. जे हाती येई त्यात पावसाळ्याआधी कौलंसुद्धा चाळून होत नसत. जिन्याच्या पायऱ्या हलू लागल्या. मामाकडे पैसे नव्हते, आणि भाडेकरू म्हणत, घर तुमचं, आम्ही का खर्च करावा? दोघांचंही खरं होतं. मग बिल्डर आला. माजघरातले सागवानी खांब जुन्या बाजारात गेले, तेव्हा आजी दोन दिवस जेवली नाही.

ते आमचं घरगुती दुःख म्हणून सोडून देऊ. पण सावित्रीबाई आणि जोतिरावांनी १८४८ साली जिथे मुलींची शाळा काढली, तो भिडे वाडा? तो मोडकळीला येईपर्यंत आपण पाहत राहिलो, वर्षानुवर्षं कोर्टात भांडलो आणि २०२३ साली पाडला. आता तिथे स्मारक. घर उभं असताना त्यात रोज माणसं यावीत, चूल पेटावी, हे आपल्याला सुचत का नाही? झोर्नना सुचलं, याचा मला मनापासून हेवा वाटतो.

पेठांत अजून काही वाडे तग धरून आहेत. चित्रं विकत घेणारे धनिक पुण्यात आहेत, साहित्य परिषद आहे, पिठलं-भाकरीला गिऱ्हाईक तर कायमचं आहे. एक वाडा घ्या, परिषदेच्या नावावर करा, खाली खानावळ काढा, वर आठवड्यातून एकदा लेखकांची पंगत बसू दे. पण येत्या पावसाळ्याच्या आत घ्या.