त्वचा रापणे व त्वचेचा कर्करोग

सूर्यप्रकाशातील जंबुपार (दृश्य वर्णपटातील जांभळ्या रंगापलीकडील, डोळ्यांस न दिसणाऱ्या) किरणांमुळे त्वचेतील रंगद्रव्य वाढून ती काळवंडते, या क्रियेस त्वचा रापणे असे म्हणतात. रापलेली त्वचा हे निरोगीपणाचे व सुखवस्तूपणाचे लक्षण होय, अशी समजूत विसाव्या शतकात पाश्चात्त्य देशांतील गौरवर्णीयांत रूढ झाली. वस्तुतः रापणे ही कोशिकांना (पेशींना) इजा पोहोचल्याची खूण असून हीच इजा वारंवार होत राहिल्यास त्वचेचा कर्करोग उद्‌भवण्याचा धोका वाढतो.

किरणांचे प्रकार : तरंगलांबीनुसार जंबुपार किरणांचे तीन गट करतात : अ (३१५ ते ४०० नॅनोमीटर), ब (२८० ते ३१५ नॅनोमीटर) व क (१०० ते २८० नॅनोमीटर). क गटातील सर्व आणि ब गटातील बहुतेक किरण वातावरणात, मुख्यतः ओझोनाच्या थरात, शोषले जातात. जमिनीवर पोहोचणाऱ्या जंबुपार प्रारणापैकी सुमारे ९५ टक्के भाग अ किरणांचा असतो. त्वचा भाजून लाल होण्यास प्रामुख्याने ब किरण कारणीभूत असतात. अ किरण अधिक खोल, अंतस्त्वचेपर्यंत जातात. खिडकीच्या साध्या काचेने ब किरण बहुतांशी अडतात, अ किरण मात्र बऱ्याच प्रमाणात आत येतात.

रापण्याची क्रिया : बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या रंगद्रव्यकोशिका मेलॅनीन हे द्रव्य तयार करतात. उन्हात गेल्यावर काही मिनिटांतच येणारा काळसरपणा अ किरणांमुळे असलेल्याच मेलॅनिनात रासायनिक बदल होऊन येतो व तो लवकर ओसरतो. खरे रापणे दोनतीन दिवसांनी दिसू लागते. ब किरण कोशिकाकेंद्रकातील डीएनए या आनुवंशिक द्रव्यात शोषले जातात व त्यातील शेजारशेजारचे घटक एकमेकांस अनैसर्गिक रीत्या जोडले जातात. ही इजा जाणवताच बाह्यत्वचेतील कोशिका रंगद्रव्यकोशिकांना उत्तेजित करणारे हॉर्मोन स्रवतात. त्यामुळे नवे मेलॅनीन तयार होऊन त्याचे कण केंद्रकावर छत्रीप्रमाणे पसरतात. सारांश, इजा आधी होते व छत्री मागाहून उघडते. शिवाय ही छत्री तोकडी असते : गोरी त्वचा रापल्याने मिळणारे संरक्षण सुमारे ३ ते ४ सूर्यसंरक्षण गुणांकाच्या मलमाइतकेच भरते.

कर्करोगाची उत्पत्ती : डीएनएला झालेली बहुतेक इजा कोशिकेतील एंझाइमे दुरुस्त करतात. या दुरुस्तीच्या यंत्रणेच्या संशोधनाबद्दल आझीझ सांजार यांना २०१५ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. झीरोडर्मा पिगमेंटोझम या विरळा आनुवंशिक विकारात ही यंत्रणाच सदोष असते, हे जेम्स क्लीव्हर यांनी १९६८ मध्ये दाखविले; अशा रोग्यांना बालपणीच त्वचेचे कर्करोग होऊ शकतात. निरोगी व्यक्तीतही काही चुका दुरुस्तीवाचून राहून जातात व वर्षानुवर्षे साठत जातात. तळकोशिका व शल्ककोशिका यांचे कर्करोग सामान्यतः चेहरा, कान, मान, हात अशा उघड्या भागांवर होतात. रंगद्रव्यकोशिकांपासून होणारा मेलॅनोमा संख्येने कमी, पण शरीरात इतरत्र पसरणारा व म्हणून अधिक घातक असतो. बालपणी त्वचा वारंवार भाजली गेल्यास त्याचा धोका वाढतो.

इतिहास : खलाशांच्या उन्हाने जीर्ण झालेल्या त्वचेचा कर्करोगाशी असलेला संबंध जर्मन वैद्य पाउल उन्ना यांनी १८९४ मध्ये नोंदविला. जंबुपार किरणांनी उंदरांत कर्करोग निर्माण होतो, हे जॉर्ज फिंडले यांनी १९२८ मध्ये प्रयोगाने सिद्ध केले. तरीही उन्हात पडून राहण्याची हौस कमी झाली नाही. पुढे कृत्रिम दिव्यांखाली रापण्याच्या शय्याही प्रचारात आल्या. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये या साधनांना मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले व त्याच वर्षी ब्राझीलने सौंदर्यार्थ त्यांच्या वापरावर बंदी घातली.

बहुसंख्य गौरवर्णीय वस्ती व प्रखर ऊन यांमुळे ऑस्ट्रेलियात या रोगाचे प्रमाण फार मोठे आहे. तेथे १९८१ पासून सदरा घाला, मलम लावा, टोपी चढवा, असा प्रचार सुरू झाला. क्वीन्सलंडमधील नॅम्बर येथे १९९२ ते १९९६ या काळात झालेल्या चाचणीत, रोज मलम लावणाऱ्यांत शल्ककोशिका कर्करोगाचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचे आढळले.

सावळ्या वर्णाचे लोक : भारतीयांच्या त्वचेत मेलॅनीन अधिक असल्याने त्यांच्यात उन्हामुळे होणारे कर्करोग पुष्कळच कमी आढळतात, रंगहीनता हा जन्मजात विकार असलेल्यांना मात्र हे संरक्षण नसते. सावळ्या वर्णाच्या लोकांतील मेलॅनोमा बहुधा तळपाय, तळहात व नखांखाली होतो. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नसतो आणि डाग किंवा जुनी जखम समजून त्याकडे दुर्लक्ष होते. जमैकाचे गायक बॉब मार्ली यांचा १९८१ मध्ये झालेला मृत्यू पायाच्या बोटावर उद्‌भवलेल्या अशाच रोगाने झाला.

दक्षता : ड जीवनसत्त्वासाठी थोडे ऊन आवश्यक असते, त्यासाठी त्वचा रापेपर्यंत उन्हात राहण्याची गरज नाही. भर दुपारचे ऊन टाळणे, सावली, अंगभर कपडे व रुंद काठाची टोपी हे मुख्य उपाय होत. मलम हे त्यांना पूरक आहे. ताजे बर्फ सुमारे ८० टक्के जंबुपार किरण परावर्तित करते, त्यामुळे थंड हवेतही त्वचा भाजते. एखादा तीळ वेडावाकडा वाढणे, त्याच्या कडा अस्पष्ट होणे, रंग बदलणे, व्यास ६ मिमी.हून मोठा होणे अथवा जखम भरून न येणे ही लक्षणे दिसल्यास त्वरित तपासणी करावी. प्राथमिक अवस्थेतील रोग शस्त्रक्रियेने बहुधा पूर्ण बरा होतो.