गोट्यांची साक्ष

नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषींच्या वाटेला आपण जाऊ नये हे खरे. पण नदीची चौकशी केल्यावाचून भूशास्त्रज्ञाचे चालत नाही. ही चौकशी तो पुष्कळदा नदीकाठच्या गोट्यांजवळच करतो.

आपल्यापैकी कोणी नेवाशाला प्रवरेचा काठ पाहिला असेल. वर माती, तिच्याखाली पिवळसर गाळ आणि काही ठिकाणी पाण्यालगत गोट्यांचा एक टणक थर. चुन्यात गोटे घालून कोणी जुना घाट बांधला असावा, असेच प्रथमदर्शनी वाटते. परंतु हे बांधकाम माणसाचे नव्हे. अशा खडकाला पिंडाश्म म्हणतात.

तो घडतो कसा? सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. ऊन, पाऊस आणि झाडांची मुळे यांनी तो फुटतो व तुकडे ओढ्यात येतात. पुरात ते एकमेकांवर आदळतात. मार प्रथम कोपऱ्यांना बसतो, म्हणून कोपरे आधी झिजतात. गोट्याची गोलाई हा अशा रीतीने त्याच्या प्रवासाचा हिशेब असतो. डोंगराच्या पायथ्याशी घरंगळलेले तुकडे तेथल्या तेथेच सांधले गेले, तर ते टोकदारच राहतात. त्या खडकाला संकोणाश्म असे निराळे नाव आहे.

पुढची गोष्ट निवडीची. आपण सुपात धान्य पाखडतो, तशी नदी दगड पाखडते. पुराचा जोर ओसरू लागला की आधी धोंडे बसतात, मग गोटे, मग वाळू आणि सर्वांत शेवटी गाळ. २ मिलिमीटरहून मोठा तो खडा किंवा गोटा, त्याहून बारीक ती वाळू, असा शास्त्राचा ठोकताळा आहे. म्हणून गोट्यांचा जाड थर दिसला की तेथे एके काळी पाण्याला मोठी ओढ होती, हे कळते. चपटे गोटे तर कौलांसारखे एकावर एक रेलून बसतात. त्यांची उचललेली कड प्रवाह जिकडे जातो तिकडे असते. नदीने पात्र बदलले, तरी तिची दिशा अशी मागे राहते.

आता राहिला चुना. बेसाल्टात कॅल्शियम असते. पावसाचे पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होते आणि हे कॅल्शियम विरघळवते. कोरड्या हवेत पाणी उडून जाते आणि चुना गोट्यांमधल्या फटींत साठत जातो. आपल्या शेतातले चुनखडीचे खडे याच घराण्यातले. इतरत्र हेच सांधण्याचे काम सिलिका किंवा लोहाची संयुगे करतात.

या सगळ्याचा आपल्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. हसमुख सांकळिया आणि त्यांचे सहकारी यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले. तेथील प्रवरेच्या गोट्यांच्या थरांत आदिमानवाची दगडी हत्यारे मिळाली आहेत. हत्यारही शेवटी दगडच. त्याला नदीचा न्याय चुकत नाही. त्याची धार शाबूत असेल, तर ते घडवणारा माणूस जवळपासच वावरत होता. धार झिजलेली असेल, तर ते दुरून वाहत आले. महाराष्ट्रातल्या आद्य माणसाचा ठावठिकाणा अशा एका कडेवरून ठरतो.

पण ते हत्यार आपल्या थरात बसलेले असेल, तरच त्याची साक्ष पुरी होते. खालचे-वरचे थर, शेजारचे गोटे, त्यांचा कल हे सारे त्या साक्षीचे भाग आहेत. वाळूच्या नि मुरमाच्या उपशाने काठ ढासळला, किंवा हौसेने कोणी तो दगड उपटून घरी नेऊन कपाटात ठेवला, की हाती उरतो नुसता दगड.

तेव्हा नदीकाठी असा घडवलेला दगड थरात रुतलेला दिसला, तर त्याला हात लावू नये. जागेची खूण लक्षात ठेवावी आणि जाणत्याला कळवावे.